कुमारिकापूजनानंतरचे व्रत

नवरात्रात घरोघरी कुमारिकापूजन होते. चिमुकली पावले धुऊन, हळदकुंकू लावून आपण त्या बालिकेस साक्षात जगदंबा मानतो. श्रीमद्देवीभागवताच्या तृतीय स्कंधात या पूजेसाठी २ ते १० वर्षे वयाच्या कन्या सांगितल्या आहेत. दहाव्या वर्षानंतर पूजा थांबते. काळजी मात्र थांबता कामा नये. कारण त्याच सुमारास तिची उंची झपाट्याने वाढते, पुढे मासिक ऋतुस्राव सुरू होतो आणि रक्त घडविणाऱ्या लोहाची गरज वाढते. नेमकी तेव्हाच ती आईबरोबर शेवटच्या पंगतीस बसू लागते!

गतवर्षी अष्टमीच्या कीर्तनात, आरतीच्या वेळी, एक शाळकरी मुलगी घेरी येऊन पडली. कोणी म्हणाले, 'अंगात आले.' आठ दिवस ती साबूदाणा व चहा यांवर होती. पण उपवास केवळ निमित्त ठरला. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८ निघाले. ते किमान १२ असावयास हवे.

ही एकाच घरची कथा नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ रक्तक्षयी आढळल्या. हा विचार आपल्याला परकाही नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाचा स्वतंत्र अध्याय असून त्यात लोहयुक्त औषधे सांगितली आहेत.

उपाय घरातच आहेत. बाजरी, मटकी, राजगिरा, अळिवाचे लाडू मुलीच्या ताटात असावेत. जेवणात लिंबू वा आवळा असला म्हणजे अन्नातील लोह अंगी लागते; जेवणालगतचा चहा त्यास अडवितो. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी तिने भरल्या पोटी घ्यावी. शौचास काळसर झाले तरी भिऊ नये. जंतांचे औषधही वर्षातून दोनदा घ्यावे. थकवा, धाप वा निस्तेजपणा दिसल्यास वैद्यांकडून रक्त तपासून घ्यावे.

माताभगिनींनो, आतुरास उपवासातून मोकळीक देणे धर्मशास्त्रास मान्यच आहे. अशक्त कन्येस व्रताचा आग्रह करू नका. यंदाच्या अष्टमीस एक संकल्प सोडा: आजपासून घरातील मुलीचे पान सर्वांबरोबर मांडीन. हे व्रत नऊ दिवसांचे नव्हे, वर्षभराचे आहे. आणि ते आईबरोबर पित्यानेही पाळावयाचे आहे.