कब्रस्तानातला एक कोपरा

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर, छज्जाच्या खाली आग्यामोहोळ बसले. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस भीतीचे मेसेज फिरले आणि मग ‘पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू का?’ असा प्रश्न आला. इतरांसारखा मीही होकार देऊन मोकळा झालो. रात्री फवारणी झाली. सकाळी फजरहून परतलो तेव्हा पार्किंगमध्ये माश्यांचा खच पडला होता. काही अजून जिवंत होत्या, जागच्या जागी गोल फिरत होत्या. वॉचमनने त्या झाडून घेतल्या तेव्हा सुपली भरली.

नंतर वाचले तेव्हा कळले की आग्या माशी हंगामानुसार मुक्काम बदलते. काही महिन्यांनी ते मोहोळ आपोआप उठून गेले असते. तोवर त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावायची, रात्री तिकडचा दिवा बंद ठेवायचा आणि पोरांना दगड मारू द्यायचे नाहीत, एवढेच करायचे होते. कुरआनातील सोळाव्या सूरहचे नाव अन-नहल, म्हणजे मधमाशी, हे आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. मधमाशीच्या घरांचा उल्लेख करताना तिथे डोंगर आणि झाडांबरोबर माणसाचे बांधकामही येते. आमच्या छज्जावर मात्र तिला जागा मिळाली नाही.

हा किस्सा ऐकून एका मित्राने लगेच उपाय सुचवला: मशिदीच्या गच्चीवर मधपेट्या ठेवू. कल्पना चांगल्या मनातून आलेली आहे, पण तिने हा प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे पेटीत प्रामुख्याने दोनच माश्या पाळतात, इथली सातेरी आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा. आग्या पेटीत राहत नाही, फुलोरीही नाही. आणि भारतात माश्यांच्या सातशेहून अधिक जाती आहेत. त्यातल्या बहुतेकींना ना राणी असते, ना पोळे, ना मध. एकटी मादी जमिनीत बोटभर बीळ करते किंवा पोकळ काडीत घर करते, पिलांसाठी परागाचा साठा ठेवते आणि तोंड बंद करून निघून जाते. गुलाबाच्या पानाची कड कुणी गोल कातरून नेली असेल तर ते पानकापी माशीचे काम असते. तो रोग नव्हे, त्यावर औषध मारू नका.

काळा भुंगाही याच कुळातला. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलातला पराग सहज सुटत नाही, फूल थरथरवावे लागते. भुंगा ते करतो, पेटीतल्या मधमाशीला ते जमत नाही. शिवाय मेलिफेराच्या एका पेटीत हजारो माश्या असतात. आजूबाजूला फुलेच नसतील तर त्या काय खाणार, आणि आधीपासून तिथे असलेल्या माश्यांच्या वाट्याला काय उरणार? मध हवा असेल तर पेटी जरूर ठेवा, प्रशिक्षण घेऊन ठेवा. पण आधी फुले हवीत.

इफ्तारच्या ताटात खजूर आणि कलिंगड शेजारी असतात. खजुराचे नर आणि मादी झाड वेगळे असते, आणि माणूस शतकानुशतके नराचा पराग हाताने मादीच्या तुऱ्यांवर घालत आला आहे. कलिंगडाच्या वेलावरही नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फूल एका सकाळपुरते उघडते, पराग चिकट असल्याने वाऱ्याने जात नाही. त्या चार-पाच तासांत पुरेशा माश्या आल्या नाहीत तर फळ वाकडे होते किंवा गळून जाते. बाजारात आपण ते बोटाने वाजवून घेतो तेव्हा अर्धा निकाल त्या एका सकाळी लागलेला असतो.

शहरात फुले आणि न खणलेली जमीन कुठे उरली आहे? माझ्या डोळ्यांसमोर पहिले नाव येते ते कब्रस्तानाचे. तिथे बोर असते. तिचा पाला मय्यतच्या गुसलसाठी पाण्यात उकळतात. पावसाळा सरताना तिला येणाऱ्या बारीक हिरवट मोहोरावर माश्यांची झुंबड असते. येमेनचा प्रसिद्ध सिद्रचा मध बोरीच्याच जातभाईचा. कुंपणाला मेंदी असते, कबरींवर सब्जा असतो, आणि फुलावर आलेला सब्जा म्हणजे माश्यांची मेजवानी. (चाफा मात्र नुसताच सुंदर, त्याच्या फुलात मध नसतो.) वाटेच्या कडेला एकदांडी फुलते, तिला आपण तण म्हणतो.

आणि आपण करतो काय? आमच्या ओळखीच्या एका कब्रस्तानात यंदा शब-ए-बरातच्या आधी साफसफाई म्हणून सगळीकडे तणनाशक मारले. मेंदी फुलण्याआधीच छाटली. आता कडेच्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक बसवायचा विचार आहे, म्हणजे जमिनीत बीळ करणाऱ्या माश्यांचाही मार्ग बंद. ट्रस्टींची बाजू खोटी नाही. गवतात साप निघतो, वयस्कर माणसे पडतात, गवत कापायला मजूर मिळत नाही, फवारणी स्वस्त पडते. म्हणून ‘फवारू नका’ एवढेच सांगून भागत नाही, पर्याय घेऊन जावे लागते. आम्ही नेला तो असा: पायवाटा आणि नव्या कबरींभोवतीची जागा नेहमी कापलेली ठेवायची. बाकीचे गवत पावसाळी फुले सरल्यावर, तेही एका वेळी अर्धेच कापायचे. गाजरगवत फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटायचे. भिंतीलगत उन्हातली थोडी माती उघडी ठेवायची, आणि एखादा वाळका ओंडका भुंग्यासाठी पडू द्यायचा.

घरी गॅलरीच असेल तरी सब्जा आणि तुळस लावा, आणि सगळे तुरे खुडू नका. भरगच्च पाकळ्यांच्या झेंडूपेक्षा साधा एकेरी झेंडू बरा, त्यात माशीला पराग सापडतो. उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा, म्हणजे त्या बुडणार नाहीत. मात्र एक दिवसाआड ते बदला, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होईल.

ट्रस्टींनी आम्हाला सध्या पूर्वेच्या भिंतीलगतचा एक कोपरा दिला आहे, बोरीच्या झाडासकट, पावसाळा संपेपर्यंत. अध्यक्षसाहेबांची एकच अट आहे: पायवाट मोकळी दिसली पाहिजे. दर जुम्म्याच्या नमाजनंतर ती कापायला चार जण लागतात. सध्या आम्ही दोघेच आहोत.