आवाज जपा, पण आधी विचारा

भावांनो, आपली गोष्ट नेहमी दुसरंच कोणीतरी सांगतं. कधी पेपरवाले, कधी एजंट, कधी कंपनीची जाहिरात. ज्याने शटरिंग ठोकलं, स्टील बांधलं तो माणूस रात्री कॅम्पमधल्या बंकवर आडवा होऊन घरच्यांना फोनवर सगळं सांगतो, आणि फोन ठेवला की ते बोलणं हवेत जातं. माझं म्हणणं सरळ आहे. हे बोलणं रेकॉर्ड करून पॉडकास्ट बनवा. गावातल्या पोराने एजंटच्या हातात पैसे ठेवण्याआधी ते ऐकलं पाहिजे.

यासाठी स्टुडिओ लागत नाही, घरचा साधा लॅपटॉप पुरतो. झूमवर कॉल लावा आणि रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवरच ठेवा. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची सेटिंग असते, ती आधीच चालू करा. म्हणजे एकाच्या मागे पंखा घरघरत असला तरी दुसऱ्याचा आवाज साफ राहतो. दोघांनीही हेडफोन लावायचे, नाहीतर स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरून घुमतो. फुकटच्या खात्यात ४० मिनिटांनी मीटिंग बंद होते, म्हणून प्रश्न आधी कागदावर लिहा. काटछाट ऑडॅसिटीत होते, तेही फुकट आहे. शेवटी मोनो एमपी३, ६४ केबीपीएसवर फाइल काढा. तासाभराचं बोलणं २९ एमबीच्या आसपास बसतं, मोबाइल डेटावर सहज जातं.

आता खरा मुद्दा. काही जण म्हणतात, ‘फोरमनचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करून टाका, गरिबाकडे तेवढंच हत्यार आहे.’ मला हे पटत नाही. यूएईमध्ये २०२१ चा सायबर गुन्ह्यांचा कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात कलम ४४ प्रमाणे दुसऱ्याचं बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने कैद आणि दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्हींपैकी एक. म्हणजे पगार थकवला त्याने, आणि आरोपी झालात तुम्ही! पगाराचा पुरावा कागदात असतो: करार, पगाराची स्लिप, बँकेची नोंद, हजेरी. यूएईत वेज प्रोटेक्शन सिस्टिम २००९ पासून आहे, पगार खात्यात आला की नाही हे त्यात दिसतं. तक्रार करताना हे कागद घेऊन जा. रेकॉर्डिंग आपल्या माणसाची हकीकत सांगायला आहे, तक्रारीचं काम त्याच्यावर टाकू नका.

विचारायचं म्हणजे तरी काय? ‘रेकॉर्ड करू का’ एवढंच नाही. कोण ऐकणार, नाव येणार का, उद्या नको वाटलं तर काढता येईल का, हे सगळं सांगा. त्याचा होकार त्याच्याच आवाजात सुरुवातीला घ्या, आणि तो तुकडा बाहेर टाकू नका. एपिसोड तयार झाला की सगळ्यात आधी त्यालाच ऐकवा.

नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं समजू नका. साइटवर एकच मराठी क्रेन ऑपरेटर असेल, तर ‘मी क्रेनवर असतो’ एवढ्यावरून ऑफिसला कळतं. कॅम्प, प्रोजेक्ट, गाव, अपघाताची तारीख, सगळं काढा. सॉफ्टवेअरने आवाज जाड-बारीक करण्यावरही फार भिस्त ठेवू नका, तो परत मूळ करता येतो. धोका जास्त असेल तर त्याचे शब्द दुसऱ्याने वाचावेत. कंपनीचं नावही घेऊ नका, बदनामीची केस अंगावर येते. आणि कंपनीचा लॅपटॉप किंवा साइट ऑफिसचं वाय-फाय तर अजिबात नको.

यामुळे गोष्ट मिळमिळीत होईल, असं कोणी म्हणेल. होत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद, हा नियम आपल्याला पाठ आहे. त्या वेळात प्रत्यक्षात काय होतं, हे एखाद्या गवंड्याने आपल्या बोलीत सांगितलं तर नावाची गरजच पडत नाही. ऐकणाऱ्याला कळतं.

हिशेब सोपा आहे. आपल्या पॉडकास्टपायी एकाचाही व्हिसा गेला, तर दुसरा कुणी तोंड उघडणार नाही. म्हणून सुरुवात कायमचे घरी परतलेल्यांपासून करा. त्यांचं फायनल सेटलमेंट झालेलं असतं, वेळ असतो, आणि सांगण्यासारखं खूप असतं. या शुक्रवारी सुट्टी असेल तर अशा एकाला फोन लावा. आधी विचारा, मग रेकॉर्डचं बटण दाबा.