साडेचार लाखांची मर्सिडीज

परवा शनिवारी मढला जाऊन आलो. मासे खायला नव्हे, गाडी बघायला. मर्सिडीज ई-क्लास, २००५ ची, डिझेल, पुण्यात जुळवलेली. मागितलेली किंमत साडेचार लाख. म्हणजे नव्या वॅगन-आरच्या ऑन-रोड किमतीपेक्षाही कमी! आयटीवाल्याचं डोकं फिरायला एवढं पुरतं.

वर्सोव्याच्या जेट्टीवरून बोटीने काही मिनिटांत पलीकडे. (बोटीत माणसं आणि स्कूटर चढतात, चारचाकी नाही. गाडी घेतली असती तर मार्वे रोडने भलामोठा वळसा घालून आणावी लागली असती.) मुद्दाम सकाळी सातला पोचलो, आणि गाडी आधी सुरू करू नका असं फोनवर सांगून ठेवलं होतं. गरम करून ठेवलेलं इंजिन म्हणजे रिहर्सल केलेला डेमो. असे डेमो आम्ही दर आठवड्याला देतो, त्यामुळे त्यांची लायकी माहीत आहे.

बंगला समुद्राच्या तोंडावर. गाडी लखलखीत. पण मढच्या खारट हवेत वीस पावसाळे काढलेल्या गाडीचा रंग बघायचाच नसतो. सरळ खाली आडवं व्हायचं. जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानीची आतली कड, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा... तिन्हीकडे गंज. मीटरवर ६२ हजार किलोमीटर, आणि पेडलचं रबर बघता ते खरंही असावं. मात्र कमी चाललेली गाडी चांगली, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. उभ्या गाडीचं रबर सुकतं, ब्रेकची डिस्क गंजते. टायरवर कोरलेला आकडा होता ३११४. म्हणजे २०१४ चा एकतिसावा आठवडा!

२००५ म्हटल्यावर २६ जुलै आठवणारच. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता आणि कित्येक गाड्या बुडाल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, कार्पेट उचललं. गाळाची रेघ नाही. पावती बघितली तर गाडी त्या वर्षीच्या दिवाळीतली. सुटलो.

आता माझ्या आवडीचा भाग. या पिढीच्या ई-क्लासमध्ये २००६ पर्यंत विजेवर चालणारी ब्रेक यंत्रणा होती, एसबीसी. कंपनीने २००४ आणि २००५ मध्ये लाखो गाड्या याच भानगडीसाठी परत बोलावल्या, आणि २००६ मध्ये ई-क्लासमधून ती काढूनच टाकली. गंमत अशी, की तिच्या कंट्रोल युनिटमध्ये एक काउंटर असतो. ब्रेक किती वेळा दाबला ते तो मोजतो, आणि ठरलेला आकडा आला की गाडी वर्कशॉपचा रस्ता दाखवते. आयुष्य मोजणारं व्हेरिएबल! चावी फिरवली आणि डॅशबोर्डवर नेमका तोच लाल संदेश.

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या आलिशान गाडीची किंमत विकणारा ठरवत नाही, पार्टचं बिल ठरवतं. गाडी चार लाखांवर उतरते, पार्ट मात्र चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोनवर यादी वाचून दाखवली. ब्रेक युनिट, टायर, सगळे बुश आणि पत्र्याचं काम धरून तो म्हणाला, तीन लाख धरून चाला. वर आरसीचं नूतनीकरण आहेच. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला २०२२ मध्ये त्याची फी ६०० ची ५,००० झाली. आयात गाडीला तर ४०,०००!

सगळं वजा करून माझा आकडा आला दीड लाख. असे हिशोब घरी एक्सेलमध्ये करायला सोपे असतात. समोर काकू होत्या. गाडी काकांची, ते दोन वर्षांपूर्वी गेले. साडेचार हा आकडा काकाच बोलून गेले होते. एका दलालाने मात्र ऐंशी हजार सांगितले होते.

"तूच सांग बाबा, खरं काय ते."

मला नव्वदला मिळाली असती, हे दोघांपैकी मला एकट्यालाच कळत होतं. पाच मिनिटं तो विचार डोक्यात होता, नाकारत नाही. मग सांगितलं, "काकू, दीड. आणि मी घेत नाहीये, कारण वरचे तीन लाख माझ्याकडे नाहीत."

त्या काही बोलल्या नाहीत. चहा आणला. आरसी अजून काकांच्याच नावावर होती, म्हणून आधी फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्या, त्याशिवाय विकायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरता येणार नाहीत, हेही सांगितलं. तेव्हा त्यांनी वही पुढे केली. "लिहून दे. उद्या दुसरा येतोय बघायला."

डावीकडे चांगलं लिहिलं, उजवीकडे वाईट. उजवी बाजू लांब झाली. काकूंनी पान फाडलं, घडी घातली आणि आरसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवून दिलं.