मेंदूतली गाठ आणि साखरेचा उपास



घरात कोणाच्या मेंदूत गाठ निघाली की पहिला सल्ला शेजारून येतो: "कॅन्सर साखरेवर वाढतो. साखर तोडा, भात-चपाती तोडा." मग ऑपरेशन आणि रेडिएशनने थकलेल्या माणसाच्या ताटात नुसती काकडी उरते. सल्ला देणाऱ्याचे मन चांगलेच असते. पण सल्ल्यातली अर्धीच गोष्ट खरी आहे.

खरी गोष्ट अशी. 1920 च्या दशकात जर्मनीतील ओटो वॉरबुर्ग या शास्त्रज्ञाला दिसले, की कॅन्सरची पेशी भरपूर साखर ओढते, पण प्राणवायू असूनही ती पुरती जाळत नाही. अर्धवट वापरून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकते. पेट स्कॅन याच सवयीवर चालतो. किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. ती जिथे जास्त जमते तिथे गाठ असण्याचा संशय घेतात. आपल्या देशात हा स्कॅन 2002 साली प्रथम सुरू झाला तो परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. मेंदूत मात्र पंचाईत होते. मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा 2, पण शक्तीचा खर्च शेकडा 20. निरोगी मेंदूच एवढी साखर घेतो की सगळीकडे उजेड दिसतो. म्हणून तिथे मुख्य भिस्त एमआरआयवर.

आता उपासाचे. खाणे तोडले म्हणून रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती तयार करते, आणि त्यासाठी अंगातले स्नायू मोडले जातात. गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो, झिजतो तो माणूस. कमी साखरेचा, जास्त चरबीचा 'कीटो' आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासला जात आहे. त्याने आयुष्य वाढते हे अजून सिद्ध झालेले नाही. घरी तो प्रयोग करू नका. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोनच्या गोळ्या देतात, त्यांनी मात्र रक्तातली साखर वाढते. ती तपासून डॉक्टरांनी गोड बंद करा म्हटले तर जरूर करावे. तो मधुमेहाचा उपचार झाला, गाठीचा नव्हे.

मग पेशीच्या या बिघडलेल्या कारभारातून औषध निघाले की नाही? निघाले, पण वेगळ्याच वाटेने. 2008 साली अमेरिकेतील संशोधकांना मेंदूच्या काही गाठींत आयडीएच नावाचे जनुक बदललेले आढळले. या जनुकापासून बनणारे पाचकद्रव्य पेशीत शक्ती तयार करण्याच्या कामात असते. ते बदलले की भलताच पदार्थ तयार करते, हे 2009 मध्ये कळले. तो पदार्थ साचतो आणि पेशीला तिच्या नेमलेल्या कामासाठी तयारच होऊ देत नाही. ती नुसती वाढत राहते. व्होरासिडेनिब ही गोळी त्या बिघडलेल्या पाचकद्रव्यालाच अडवते. 331 रुग्णांवरील चाचणीचे निकाल 2023 मध्ये आले. गोळी घेणाऱ्यांत गाठ पुन्हा वाढायला साधारण 27.7 महिने लागले, न घेणाऱ्यांत 11.1. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेने तिला मान्यता दिली.

फार हुरळून जाऊ नका. ही गोळी ग्रेड 2 च्या, आयडीएच बदललेल्या गाठींसाठी, ऑपरेशननंतर द्यायची आहे. ग्लिओब्लास्टोमा या सर्वांत उग्र गाठीत हा बदल नसतो. तिथे 2005 पासून चालत आलेली ऑपरेशन, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या हीच वाट आहे. शिवाय नव्या गोळीची किंमत कामगार घराच्या आवाक्यातली नाही, हे स्पष्टच सांगितलेले बरे.

पण आयडीएचची तपासणी प्रत्येकाच्या कामाची आहे. गाठ कोणत्या जातकुळीची, किती वेगाने वाढेल, पुढचे उपचार कोणते, हे त्यावर ठरते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यावरच ती होते. रिपोर्टमध्ये 'आयडीएच' हा शब्द नसेल तर डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजू नका. उपनगरातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झाले असेल तर तिथून रिपोर्टबरोबर मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. परळच्या टाटा हॉस्पिटलला जाताना त्या लागतात. अंधेरी-बोरिवलीकरांनी प्रभादेवीला उतरावे, मुलुंड-घाटकोपरकरांनी परळला. खर्चाचे कसे, हे तिथल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ असू द्या. आणि निघण्यापूर्वी पेशंटला पोटभर जेवू घाला: वरण-भात, अंडे, दही, जे त्याला जाईल ते.