खोली नाही म्हणून कला नाही काय?



आज रात्री दिवा लावल्यावर आपल्या मुलाचे प्रगतिपुस्तक हातात घ्या. भाषा आणि गणित यांचे रकाने तुम्ही नेहमी पाहताच. त्यांच्या खाली ‘कला’ असा एक रकाना आहे आणि त्याच्यापुढे श्रेणी लिहिलेली आहे. बहुधा ती चांगलीच असेल. आता मुलाला जवळ बसवा आणि विचारा, “बाळ, या वर्षी शाळेत कोणते चित्र काढलेस? कोणते गाणे शिकलास?” मूल तुमच्या तोंडाकडे नुसते पाहत राहिले, तर ती श्रेणी कोठून आली, हा प्रश्न तुमच्या मनात उभा राहिला पाहिजे. माझा व्यवसाय वकिलीचा आहे. जो व्यवहार झालाच नाही त्याची पावती कोणी पुढे केली, तर न्यायालय तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहते, हे मी रोज पाहतो. परंतु आपल्या मुलांच्या हाती दरवर्षी अशी पावती ठेवली जाते आणि आपण तिच्यावर मुकाट्याने सही करतो.

शाळेत याविषयी विचारले की एकच उत्तर मिळते: “जागा कोठे आहे?” हे उत्तर ऐकून आपण परत फिरतो. ते उत्तर कायद्याला धरून आहे काय, आणि खरे तरी आहे काय, याचा विचार आज तुमच्यासमोर मांडावयाचा आहे.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत येथील शंभर माणसांपैकी एकोणसत्तर अनुसूचित जमातींची होती, आणि साक्षरतेत हा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत शेवटी होता. अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांत शाळा कुडाच्या घरात भरत असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. आपली संख्या येथे थोडी आहे. आपली मुले भिल्ल, पावरा, मावची, कोकणी मुलांच्या शेजारी त्याच सतरंजीवर बसतात. तेव्हा हा प्रश्न एकट्या आपला नाही. परंतु तो विचारण्याचे धैर्य ज्यांना चळवळीने दिले, त्यांनी तो प्रथम विचारावा, हे न्यायाचे आहे.

काही महिन्यांपूर्वी एका पक्षकाराच्या कामासाठी मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी गेलो होतो. तेथील प्राथमिक शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक आणि चार इयत्ता. एका खोलीचा निम्मा भाग पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांनी व जुन्या बाकांनी अडविलेला होता. उरलेल्या जागेत पहिली आणि दुसरी दाटीवाटीने बसली होती. भिंतीवरच्या वेळापत्रकात शनिवारी ‘कला’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. त्या दिवशी शनिवारच होता आणि मुले पाढे म्हणत होती. पोत्यांना टेकून बसलेली एक चिमुरडी मात्र पाटीच्या मागच्या बाजूवर काहीतरी रेखाटत होती. मी वाकून पाहिले. तो पिसारा फुलविलेला मोर होता. माझी चाहूल लागताच तिने तो तळहाताने पुसून टाकला. वाचकहो, त्या मुलीला चित्र काढण्यासाठी जागा मिळाली होती. पाटीची मागची बाजू तिला पुरली. तिच्यापाशी नव्हती ती निर्भयता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या एकोणतिसाव्या कलमाने बालकाचा सर्वांगीण विकास, त्याच्या अंगच्या गुणांची वाढ, कृतीतून व शोधातून शिक्षण आणि भयमुक्त वातावरण या गोष्टी अभ्यासक्रमाच्या पायाशी घातल्या आहेत. महाराष्ट्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात कला हा विषय आहे. ‘स्वतंत्र खोली असेल तर’ अशी अट त्या कलमात कोठेही नाही. खोली नाही म्हणून गणित बंद ठेवल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे काय? मग खोलीच्या टंचाईचा सारा भार एकट्या कलेनेच का वाहावा?

याच अधिनियमाच्या अनुसूचीत इमारतीचे मान दिले आहे. प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली आणि शिवाय कार्यालय, भांडार व मुख्याध्यापक यांच्यासाठी मिळून आणखी एक खोली असली पाहिजे. स्वयंपाकाची जागा वेगळी. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे लहानात लहान शाळेलाही दोन वर्ग आणि तिसरी भांडाराची खोली कायद्यानेच देणे आहे. हे मान पुरे करण्याची मुदत ३१ मार्च २०१३ रोजी संपली. तेव्हा तांदळाची पोती वर्गात पडली आहेत, हा आपल्या मुलांचा दोष नव्हे. ती भांडाराची खोली शासनाकडे थकलेली बाकी आहे. ज्याच्याकडे बाकी थकली आहे त्यानेच “तुझ्यापाशी जागा नाही” असे ऋणकोला नव्हे, तर धनकोलाच सुनवावे, हा कोणता न्याय?

याच कायद्यात एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांपुरती आहे, आणि तीही त्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेव्हाच. पहिली ते चौथीच्या शाळेला ती लागूच होत नाही. पाड्यापाड्यांत विखुरलेल्या वस्तीत शंभराचा आकडा गाठणार कसा? ज्या मुलाच्या घरी रंगपेटी नाही त्यालाच शाळेत शिकविणारा मिळू नये, अशी ही रचना झाली आहे. ही मर्यादा बदलून घेण्याची मागणी आपण केली पाहिजे.

यापूर्वीचीही एक आठवण देतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून १९८७ साली ‘खडू-फळा’ मोहीम निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला दोन बऱ्यापैकी मोठ्या खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य देण्याचे तिने योजिले होते. त्या आवश्यक साहित्याच्या यादीत ढोलकी अथवा तबला, हार्मोनियम आणि मंजिरी ही वाद्ये होती. ज्या सरकारने दोन खोल्यांची शाळा कल्पिली, त्याच सरकारने त्या दोन खोल्यांच्या शाळेत ढोलकीही आवश्यक मानली होती. तुमच्या गावच्या शाळेतील ती ढोलकी कोठे आहे, हे एकदा विचारून पाहा.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळतो. हे लिहिणे मला जड जाते, तरी लिहितो. आपल्यातील पुष्कळ पालक म्हणतात, “वकीलसाहेब, ढोल वाजविणे, नाचणे, सोंगे आणणे यांतच आमच्या पिढ्या गेल्या. ते सोडण्यासाठी तर आम्ही धम्म स्वीकारला. आता मुलाला गणित आणि इंग्रजी येऊ द्या, चित्र-गाणे नको.” या बोलण्यामागचे दुःख मी जाणतो. गावकीच्या हुकमावरून वाजविणे ही कला नव्हती, वेठ होती. महारकीची वतने कायद्याने गेली ती १९५९ साली. आपल्या आज्यापणज्यांच्या अंगावर त्या वेठीचे वळ होते. परंतु विचार करा. वाईट काय होते, ढोल की हुकूम? दुसऱ्याच्या दारात त्याच्या आज्ञेने वाजवावा लागला तो ढोल गुलामीचा. त्याच कातड्यावर भीमराव कर्डकांच्या जलशाने थाप मारली, तेव्हा गावोगावची माणसे जागी झाली. त्या जलशांना नाट्यगृह कोठे होते? उघड्या पटांगणात, कंदिलाच्या उजेडात ते होत. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकण्यास आरंभ केला होता. ज्या पुरुषाने राज्यघटना घडविली त्याला सुरांसाठी वेळ काढावासा वाटला. आणि आपण आठ वर्षांच्या मुलाला म्हणतो की तुला वेळ नाही!

हुकूम गेला तसे वाद्यही फेकून दिले, तर आपण अर्धेच मुक्त झालो. श्रीमंताचे मूल शहरात महिन्याचे शुल्क भरून चित्रकलेच्या वर्गाला जाते, तेव्हा त्याच्या बापाला ती वेठ वाटत नाही. तो तिला संस्कृती म्हणतो. आपल्या मुलाच्या वाट्याला मात्र नुसते पाढे. पुढे काय होते तेही पाहा. माध्यमिक शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा असतात. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास दहावीत श्रेणीनुसार वाढीव गुण मिळतात. ज्याच्या हातात चौथीपर्यंत कुंचला आलाच नाही, तो त्या परीक्षेला कसा बसणार? तुम्ही ज्या गुणांसाठी कलेचा तास सोडून दिलात, ते गुणही त्या तासाबरोबरच गेले.

खोलीवाचून कला शिकविता येते काय, असे कोणी विचारील. त्याने आपल्याच जिल्ह्यात पाहावे. नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराच्या बुडिताशी झगडणाऱ्या गावांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी चिमलखेडी येथे जीवनशाळा उभारली, आणि पुढे आणखी उभारल्या. बांबूच्या कुडाची भिंत आणि साधे छप्पर, एवढीच त्यांची इमारत. तेथील मुले आपल्या बोलीत गाणी म्हणत आणि हातांनी वस्तू घडवीत अक्षरे शिकली. काठीच्या राजवाडी होळीत कमरेला भोपळे बांधून, अंगावर ठिपक्यांची नक्षी काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून रात्रभर नाचणारी माणसे कोणत्या सभागृहात शिकली? पालघरकडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली कला गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवरच्या तांदळाच्या पिठाच्या रेषांतून वर आली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घटनेच्या एकोणतिसाव्या कलमाने प्रत्येक समाजगटाला आपली वेगळी भाषा व संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे. पावरा मुलाचा ढोल आणि पावरी शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावी लागत असेल, तर तो हक्क कागदावरच राहिला.

दोन खोल्यांच्या शाळेत हे कसे साधेल, तेही सांगतो. सर्व इयत्तांनी एकाच वेळी चित्र काढले पाहिजे असे नाही. एका खोलीत तिसरी-चौथी गणित करीत असता दुसऱ्या खोलीत पहिली-दुसरी पाटीवर वा जमिनीवर खडूने चित्र काढू शकते. त्याचा आवाज होत नाही. गाणे, वाद्य आणि नाट्य यांचा आवाज होतो. त्यांना दिवसाचा शेवटचा तास द्यावा आणि ती ओट्यावर किंवा झाडाखाली घ्यावीत. भिंतीचा खालचा भाग मुलांच्या उंचीइतका काळा रंगविला, तर चाळीस मुलांना फळा मिळतो. गेरू, खडी, तांदळाचे पीठ, नदीची माती यांना पैसे पडत नाहीत. साहित्य ठेवण्यास एक पत्र्याची पेटी पुरे. गावातील ढोल वाजविणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या, भिंतीवर चित्रे काढणाऱ्या वृद्धांना आठवड्यातून एकदा सन्मानाने शाळेत बोलवावे.

परंतु याचा अर्थ खोली मागू नये असा कोणी करू नये. सातपुड्यात पाऊस लागला की झाडाखालची शाळा मोडते आणि ओटा भिजतो. झाडाखाली तास घेता येतो, म्हणून खोलीची बाकी फिटली असे होत नाही. खोली येईपर्यंत तास थांबवू नका, आणि तास चालू झाला म्हणून खोलीचा हक्क सोडू नका. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरल्या पाहिजेत.

त्यासाठी साधन तुमच्या हाती आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असे कायदा सांगतो. माता-भगिनींनो, त्या बैठकीला अंगठा वा सही करून परत येऊ नका. बसा आणि बोला. शाळा विकास आराखडा ही समितीच तयार करते. त्यात भांडाराची खोली, कलेचे साहित्य आणि कलेचा तास या तीन गोष्टी लिहून घ्या. तरीही तास झाला नाही, तर अधिनियमाच्या बत्तिसाव्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. अर्ज साध्या कागदावर लिहा आणि पोच घेतल्यावाचून परत येऊ नका. शिक्षकांशी वैर धरू नका. चार इयत्ता सांभाळणारा तो एकटा माणूसही याच टंचाईत अडकलेला आहे. त्याला आपल्या बाजूस घ्या.

आणि पुढच्या खेपेस प्रगतिपुस्तक सहीसाठी आले, की लेखणी उचलण्यापूर्वी मुलाला विचारा, “या वर्षी काय काढलेस? दाखव.” त्याने दाखविले तर आनंदाने सही करा. दाखविण्याजोगे काही नसेल, तर सहीच्या जागी एवढेच लिहा: ‘कलेचा तास झाला नाही. तो घ्यावा.’ शंभर घरांतून शंभर प्रगतिपुस्तके अशी परत गेली, तर पोत्यांमागे बसलेल्या त्या मुलीला आपला मोर पुसावा लागणार नाही.

जय भीम.