मुखपट्टी उतरली, पण कोणाची?

निर्बंध उठले याचा आनंद रास्तच. पण प्रत्यारोपण झालेल्या वा कर्करोगावर उपचार घेणाऱ्या तरुण रुग्णाला केवळ वय कमी म्हणून लशीची तिसरी मात्रा नाकारणे विज्ञानाला धरून नव्हते.

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडव्याला राज्यातील करोनाविषयक सर्व निर्बंध उठले. मुखपट्टी ऐच्छिक झाली. गिरगाव, ठाणे, डोंबिवलीत दोन वर्षांच्या खंडानंतर शोभायात्रा निघाल्या, ढोल वाजले. बाधितांची संख्या पाहता निर्णय योग्य होता आणि त्याची वाटही सर्वांनीच पाहिली होती. पण काही घरांत त्या दिवशी गुढी उभारली गेली आणि दार पुन्हा लावून घेतले गेले. ज्यांना मूत्रपिंड वा यकृताचे प्रत्यारोपण झाले आहे, ज्यांची केमोथेरपी सुरू आहे, जे आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातात, ल्युपससारख्या आजारासाठी जे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतात, त्यांच्यासाठी मुखपट्टी ऐच्छिक झाली नाही. उलट, तोपर्यंत समोरच्याच्या तोंडावर असलेली मुखपट्टी त्यांचेही रक्षण करत होती. ती तेव्हा गेली.

या मंडळींना ‘जपून राहा’ हे सांगावे लागत नाही. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीरात बसवले, की शरीर त्याला परके समजून त्यावर हल्ला करू पाहते. तो थोपवण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टेरॉइड अशी औषधे बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. ती हल्ला थोपवतात, पण त्याचबरोबर विषाणूशी लढणारी फौजही अर्धवट निःशस्त्र करतात. काही रक्तकर्करोगांत दिले जाणारे रिटुक्सिमॅब तर प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या मुळावरच घाव घालते. असे रुग्ण करोनाच्या आधीही लग्नाच्या पंगती टाळत होते, सर्दी झालेल्या पाहुण्यापासून दूर बसत होते. महासाथीने त्यांच्या या दिनक्रमाची चव सगळ्या जगाला चाखवली. फरक इतकाच, की जग त्यातून बाहेर पडले.

अशा रुग्णांसाठी सरकार काय करू शकते, याचा एक नमुना ब्रिटनने मार्च २०२० मध्ये घालून दिला. तिथे त्याला ‘शिल्डिंग’, म्हणजे ढालीआड राहणे, असे नाव मिळाले. आरोग्यसेवेकडील नोंदींवरून अतिजोखमीच्या रुग्णांची यादी झाली. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २२ लाख लोकांना पत्रे गेली. निदान १२ आठवडे घराबाहेर पडू नका, असे त्यांत सांगितले होते आणि ज्यांना गरज होती त्यांच्या दारात शिधा व औषधे पोहोचतील अशी सोय केली होती. या योजनेत दोष होते. काहींना पत्र उशिरा मिळाले, अनेकांना एकटेपणाने ग्रासले, आणि १ ऑगस्ट २०२० रोजी हा सल्ला स्थगित झाला तेव्हा ‘कालपर्यंत जीवघेणे होते ते आज सुरक्षित कसे?’ हा प्रश्न अनेकांना पडला. पण ही माणसे कोण आहेत, कुठे राहतात, याची यादी तरी सरकारच्या हाती होती.

आपल्याकडे मे २०२० च्या केंद्रीय आदेशात या रुग्णांच्या वाट्याला एक वाक्य आले: ६५ वर्षांवरील व्यक्ती, सहव्याधी असलेले, गर्भवती आणि दहा वर्षांखालील मुलांनी अत्यावश्यक व वैद्यकीय कारणांखेरीज घरीच राहावे. सल्ला बरोबरच होता. पण घरी कसे राहायचे, हे त्यात नव्हते. एका खोलीत पाच माणसे राहत असतील, कर्ता मुलगा रोज कामाला बाहेर जात असेल, तर आजारी आईने कोणत्या ढालीआड बसायचे? आणि ज्याचा जीवच उपचारांवर टिकून आहे, त्याला ‘बाहेर पडू नका’ म्हणण्याला अर्थ तरी काय?

त्या काळात काय घडले याची आकडेवारी उपलब्ध आहे. देशातील १९ रुग्णालयांतील अडीच हजारांवर डायलिसिस रुग्णांच्या पाहणीत आढळले, की टाळेबंदीत २८ टक्के रुग्णांचे किमान एक डायलिसिस चुकले. १०४ जण नंतर यायचेच थांबले. ४१ कर्करोग केंद्रांच्या अभ्यासानुसार मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली. कर्करोग कमी झाला म्हणून नव्हे. गाठ हाताला लागलेली माणसे घरात अडकली म्हणून. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन करोनावर प्रतिबंधक म्हणून पुढे आले. मग ते औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्या ल्युपस आणि संधिवाताच्या रुग्णांना त्यासाठी दुकानोदुकानी हिंडावे लागले. रक्तदान शिबिरे थांबली, तेव्हा दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाग्रस्त मुलांच्या आईबापांचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. करोनाची लागण न होताही या आजाऱ्यांनी महासाथीची किंमत मोजली.

पुढे लस आली आणि दार उघडेल असे वाटले. पण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांची तपासणी केली, तेव्हा पहिल्या मात्रेनंतर अवघ्या १५ टक्क्यांत, तर दुसरीनंतर ५४ टक्क्यांत प्रतिपिंडे आढळली. निरोगी माणसांत दोन मात्रांनंतर ती जवळपास सर्वांत दिसतात. त्या अभ्यासातील लशी एमआरएनए प्रकारच्या होत्या, आपल्याकडील लशी तेव्हा वेगळ्या होत्या. पण येथे मुख्य अडचण लस घेणाऱ्या शरीराची आहे. दाबून ठेवलेली प्रतिकारशक्ती कोणत्याही लशीला पुरेसा प्रतिसाद देऊ शकत नाही. म्हणूनच अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये, ब्रिटनने सप्टेंबरमध्ये अशा रुग्णांना तिसरी मात्रा देऊ केली. ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही तीच शिफारस केली. ही मात्रा चैनीची जादा मात्रा नव्हे, तर त्यांच्या मूळ लसीकरणाचाच भाग समजावी, असा त्यामागचा विचार.

आपण काय केले? १० जानेवारी २०२२ पासून खबरदारीची मात्रा सुरू झाली, ती आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढचे नागरिक यांच्यासाठी, दुसऱ्या मात्रेला नऊ महिने उलटल्यावर. १६ मार्चपासून साठीपुढच्यांसाठी सहव्याधीची अटही गेली. ज्येष्ठांसाठी हे चांगलेच झाले. पण परिणाम पाहा. तेव्हा ६१ वर्षांचा धडधाकट गृहस्थ तिसऱ्या मात्रेस पात्र होता, आणि ३५ व्या वर्षी आईचे मूत्रपिंड घेऊन जगणारा तरुण पात्र नव्हता. तो आरोग्य कर्मचारी नसला, तर त्याला आणखी २५ वर्षे थांबायला सांगणारा तो नियम होता.

यादी नाही, ही सबबही येथे चालण्यासारखी नव्हती. १ मार्च २०२१ रोजी ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली, तेव्हा केंद्रानेच २० आजारांची यादी दिली होती. प्रत्यारोपण, डायलिसिस, रक्ताचे कर्करोग, थॅलेसेमिया, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, एचआयव्ही हे सारे तीत होते. नोंदणीकृत डॉक्टरने सही करायच्या प्रमाणपत्राचा नमुनाही तयार होता. त्याच यादीतील प्रतिकारशक्ती क्षीण करणारे आजार वेगळे काढायला, वयाची अट वगळायला आणि नऊ महिन्यांची प्रतीक्षा कमी करायला हवी होती. त्यासाठी नवा कायदा लागत नव्हता, एक परिपत्रक पुरेसे होते.

सर्वांवर मुखपट्टीची सक्ती कायम ठेवा, अशी कोणी मागणी करणार नाही, करूही नये. पण काही ठिकाणे अशी आहेत, की जिथे हे रुग्ण जाणे टाळूच शकत नाहीत. डायलिसिस केंद्रे, केमोथेरपीचे कक्ष, रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग येथे कर्मचारी आणि नातेवाईक यांची मुखपट्टी कायम राहायला हवी. दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला घेण्याची पद्धत मार्च २०२० मध्ये अधिकृत झाली. ती या रुग्णांच्या नेहमीच्या तपासणीसाठी टिकली पाहिजे. घरून काम करण्याची सवलत निर्बंध उठल्यावर कार्यालये काढून घेऊ लागली. डॉक्टरांचे पत्र आणणाऱ्याला तरी ती मिळावी. आणि अशा रुग्णांनी स्वतः ताप आल्यास ‘दोन दिवस वाट पाहू’ असे न म्हणता त्याच दिवशी चाचणी करून आपल्या तज्ज्ञाला कळवावे. विषाणूरोधक औषधांचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो. नेहमीची औषधे मात्र भीतीपोटी स्वतःहून बंद करू नयेत. त्याने प्रत्यारोपित अवयवच गमावण्याची वेळ येऊ शकते.

उरलेल्यांच्या वाट्याला आलेले काम सोपे आहे. घरात असा रुग्ण असेल तर आपल्या लशी पूर्ण कराव्यात. सर्दी-खोकला असेल तर त्यांच्याकडे जाणे पुढे ढकलावे. आणि लोकलमध्ये वा बँकेच्या रांगेत एखादा मुखपट्टी लावून उभा दिसला, तर ‘अजून कशाला?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर त्याच्या औषधांच्या डबीत असते, आणि ते अनोळखी माणसाला सांगायला तो बांधील नाही.