गाणे आमचे, किल्ली त्यांची

दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या गृहस्थाला रस्त्यात अडवून त्याच्याशी वाद घालावा, हे शिष्टाचाराला धरून नाही. फराळाचे ताट पुढे ठेवणाऱ्या यजमानाच्या हातातील नव्याकोऱ्या खोक्याला नावे ठेवणारा पाहुणा पुन्हा बोलावण्याच्या लायकीचा नव्हे, हेही मला कळते. तरी तो उद्धटपणा मी करणार आहे. कारण यंदा आमच्या खरेदीच्या यादीत पुतण्याने शेवटच्या ओळीत ‘गाणी ऐकायचे यंत्र’ असे लिहिले, आणि त्यावरून घरात जो वाद माजला त्यात मी सपशेल हरलो. घरी हरलेल्या मास्तराने दिवाळी अंकात लिहावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

घरच्यांचा मुद्दा सरळ होता. फोनमध्ये सारे काही आहे; वेगळे यंत्र हवेच कशाला? पुतण्याचे म्हणणे असे की, ॲपलने २०२२ साली आयपॉड बंद केला म्हणून ही जात काही नामशेष झालेली नाही. सोनी अजून वॉकमन याच नावाने यंत्रे विकते, आणि फियो ह्या चिनी कंपनीने तर २०२४ साली चक्क कॅसेट वाजवणारे नवे यंत्र काढले. पोरगा खरे तेच बोलत होता, आणि मी त्याची बाजू घेणारही होतो. फोनला मी गाण्याचे यंत्र मानीत नाही. वर्गात कविता शिकवताना तिची ध्वनिफीत लावावी आणि ऐन दुसऱ्या कडव्यात कर्जाची विचारणा करणारी बाई बोलू लागावी, असा प्रसंग माझ्यावर आलेला आहे; पोरे तो अजून विसरलेली नाहीत. परंतु “नव्या यंत्रात तुला काय हवे?” असे मी विचारले, तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, जागा जास्त आणि पडदा मोठा.” येथे आमचे बिनसले.

जागा! ह्या जागेचा हिशेब एकदा करूनच टाकू. १९९८ साली कोरियातील एका कंपनीने एमपीमॅन नावाचे यंत्र विकावयास काढले. त्यात ३२ मेगाबाइट मावत. म्हणजे जेमतेम आठ-दहा गाणी. त्या काळी ग्राहकाने जागा मागितली ती योग्यच होती. २००१ च्या ऑक्टोबरात पहिला आयपॉड आला, तो हजार गाण्यांची ग्वाही देत. २००७ साली त्याच घराण्यातील एका यंत्रात चाळीस हजार गाणी मावू लागली. गाणे सरासरी चार मिनिटांचे धरा आणि रोज दोन तास ऐका. एकदा वाजलेले गाणे पुन्हा वाजण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागेल. ज्या घरात आषाढीला ऐकलेला अभंग कार्तिकीला पुन्हा ऐकल्याखेरीज चैन पडत नाही, त्या घराला हा हिशेब काय कामाचा? तथापि दरवर्षीच्या जाहिरातीत आकडा वाढतच असतो. आकडा वाढवणे कंपनीला सोपे आणि आपल्याला तो वाचणे सोपे. अवघड आहे ते ऐकणाऱ्याला खरोखर काय हवे ते विचारणे.

आणि ऐकणाऱ्याने ते सांगितलेच नाही असे नाही. २००९ साली ॲपलने आपल्या सर्वांत लहान यंत्रावरची सारी बटणे काढून ती कानाच्या तारेवर नेऊन ठेवली. यंत्र कसे गुळगुळीत, सुंदर, शाळिग्रामासारखे दिसू लागले! लोकांनी त्याविरुद्ध ओरड केली. दुसऱ्या कंपनीचे कर्णे लावले की यंत्र चालवताच येईना. पुढच्याच वर्षी बटणे मुकाट्याने यंत्रावर परत आली. जगातील नामांकित कारागिरांना जे एका वर्षात शिकावे लागले, ते माझ्या आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तिच्या बोटांना बटण लागे, डोळ्यांना नव्हे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती चार दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होती, तेव्हा ‘पुढचे’, ‘मागचे’, ‘थांब’ ही तीन कामे ती उशीखाली हात घालून करीत असे. काचेच्या सपाट पडद्यावर हे जमत नाही. काच बोटाला काहीच सांगत नाही.

आपल्याकडे सारेगामाने २०१७ साली कारवाँ काढला, तो ह्याच गोष्टीचा पुरावा आहे. दिसावयास जुन्या ट्रान्झिस्टरसारखा, फिरवावयास मोठी बटणे, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली. ज्यांना फोनवर बोट फिरवता येत नाही अशा आजी-आजोबांच्या उशाशी तो जाऊन बसला. बुद्धिमान लोकांनी त्याला हसून घेतले. मी हसणार नाही. फक्त एवढे म्हणेन की त्या पाच हजारांची निवड कंपनीने केली, आपण नव्हे, आणि ती तिच्या स्वतःच्या कोठारातली. आपली गाणी वाजवावयास त्याला बाहेरून खाच दिलेली आहे हे त्यातल्या त्यात बरे.

आता माझ्या खास रागाचा विषय. ह्या साऱ्या यंत्रांना गाणे म्हणजे काय ह्याची जी समजूत करून दिलेली आहे, ती आपली नव्हे. ध्वनिफितीला नावाची चिठ्ठी चिकटवण्याची एक पद्धत १९९६ साली निघाली. त्या चिठ्ठीवर गाण्याच्या नावाला तीस बाइट, कलावंताला तीस, संग्रहाला तीस. इंग्रजीला ती जागा पुरते. देवनागरीचे एकेक चिन्ह आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट खाते, आणि काना-मात्रा-अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हे! म्हणजे चार-पाच अक्षरी शब्द दोन लिहिले की जागा संपली. गाण्याचे प्रकार नोंदवण्यासाठी मुळात ऐंशी नावांची यादी होती. तीत ‘पोल्का’ हा युरोपातला नाच आहे. अभंग नाही, लावणी नाही, नाट्यगीत नाही, ख्यालही नाही. पुढे ह्या पद्धती सुधारल्या, जागा वाढली, हे मान्य. पण खोड मोडली नाही. अजून यंत्र मला विचारते: ‘कलावंत कोण? संग्रह कोणता?’ अरे बाबा, नाट्यगीताला नाटक असते, नाटककार असतो, चाल लावणारा असतो आणि राग असतो. भावगीताला कवी असतो, आणि मराठी माणूस कित्येकदा गाणे कवीच्या नावाने शोधतो. मला सकाळी तोडी ऐकावयाची असेल तर यंत्रात ‘तोडी’ हा कप्पा कोठे आहे? विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये क्षणभर यंत्र श्वास घेते आणि समेचा जीव जातो, हे दुःख तर निराळेच. आयपॉडला तो खंड बुजवावयास २००६ साल उजाडावे लागले, आणि स्वस्तातली यंत्रे आजही तेथे अडखळतात. आणि ती सरमिसळ! आईच्या काकडआरतीनंतर यंत्राने आपल्या मनाने लावणी लावली, तेव्हा आमच्या सौ. देवघरातून बाहेर आल्या, त्या थेट यंत्राकडेच.

हसून सोडून द्यावे अशा ह्या गोष्टी. पुढची तशी नाही.

२०१७ साली आईसाठी मी एक छोटे यंत्र घेतले. कंपनीचे नाव सांगत नाही. एकट्या तिचा तो दोष नव्हे. त्यात आवाज टिपून ठेवण्याची सोय होती. पुढच्या दिवाळीत, पहाटेचा फराळ आटोपल्यावर, आईने त्यात दळणाच्या ओव्या म्हटल्या. तिला त्या तिच्या आईकडून आलेल्या. जाते घरातून जाऊन चाळीस वर्षे झाली होती, तरी ती मांडी घालून, हात फिरवीत म्हणत होती, कारण हात फिरल्याशिवाय पुढची ओळ आठवत नसे. अडतीस ओव्या झाल्या. २०१९ च्या श्रावणात आई गेली. दोन वर्षांनी एके दिवशी मी यंत्र बाहेर काढले, तर ते सुरूच होईना. पाठ थोडी फुगली होती. विजेच्या तारेला जोडून ठेवले तरी ढिम्म. त्या ओव्या आधीच दुसरीकडे उतरवून ठेवावयास हव्या होत्या, असे आपण म्हणाल. म्हणा. तो आळस माझा, आणि त्याची बोचणी मी घरच्यांपुढे पुष्कळदा कबूल केलेली आहे.

कंपनीच्या दुरुस्ती-केंद्रात गेलो. तेथील तरुण सभ्य होता. त्याने सांगितले की हे यंत्र उघडण्यासाठी बनवलेलेच नाही. बॅटरी आत चिकटवलेली असते. आतले काही परत मिळणार नाही. मात्र हे जुने दिल्यास नव्यावर दहा टक्के सूट मिळेल. मी म्हटले, “आत माझ्या आईचा आवाज आहे.” तो म्हणाला, “सर, नव्यात आवाज जास्त स्पष्ट टिपला जातो.” त्याला मी दोष देत नाही. त्याला जे पाठ करावयास लावले होते त्यात आई नव्हती.

बाजारपेठेत, शेवचिवड्याच्या दुकानाशेजारी, टेबल मांडून फोन दुरुस्त करणारा एक पोरगा बसतो. त्याने यंत्राच्या कडेला गरम हवा दिली, प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून पाठ उचकटली, फुगलेली बॅटरी हलक्या हाताने सोडवली, दुसऱ्या कुठल्याशा यंत्राची बसेल अशी शोधून काढली आणि दोन तारांना डाख दिला. पाऊण तास आणि चारशे रुपये. यंत्र लागले. त्या गर्दीत, फोडणीच्या वासात, आईने पहिली ओवी म्हटली. पोरगा म्हणाला, “काका, घरी जाऊन ऐका, आणि आधी उतरवून घ्या.”

आता सांगा: जे काम एका फळकुटावर पाऊण तासात होते, ते अशक्य आहे असे आम्हांस का सांगण्यात यावे? ही तक्रार माझ्या एकट्याची नाही, नवीही नाही. २००३ साली न्यूयॉर्कमध्ये दोघा भावांनी आयपॉडच्या भित्तिपत्रकांवर रंगाने लिहून ठेवले की ह्याची बॅटरी अठरा महिने टिकते आणि बदलता येत नाही. त्याचा छोटा चित्रपट करून जगाला दाखवला. त्याच सुमारास कंपनीने पैसे घेऊन बॅटरी बदलून देण्याची सोय जाहीर केली, आणि २००५ साली ग्राहकांनी लावलेल्या दाव्यात तिला तडजोड करावी लागली. म्हणजे ओरडले तर ऐकू जाते. युरोपीय संघाने २०२३ साली कायदा केला आहे की २०२७ च्या फेब्रुवारीपासून अशा लहान यंत्रांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्या सरकारनेही २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ उघडले हे चांगलेच. यंत्र उघडले असते तर अधिक चांगले झाले असते.

कंपन्यांचे वकील म्हणतात, बॅटरी चिकटवली म्हणून यंत्र पातळ होते, पाणी आत शिरत नाही. ह्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. माझे विज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकाशी थांबलेले आहे. पण पातळ यंत्र मागितले कोणी? माझ्या सदऱ्याच्या खिशात खडूची डबी, चष्म्याचे घर आणि तपकीर मावते. एक बोट जाड यंत्र मला चालेल.

ह्याहून मोठी गोष्ट मालकीची. हल्ली गाणे विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. दरमहा पैसे भरा, वाटेल ते ऐका. स्वस्त आहे, सोयीचे आहे, माझा भाऊही भरतो. परंतु उतरवून ठेवलेली गाणी सुद्धा तीस दिवसांतून एकदा तरी मालकाला जाऊन विचारून येतात, ‘वाजू का?’ म्हणून. पैसे थांबले की ती मुकी. २००८ च्या ३१ डिसेंबरला मायक्रोसॉफ्टची झून नावाची यंत्रे एकाएकी बंद पडली, कारण आतल्या घड्याळाला लीप वर्षाचा शेवटचा दिवस मोजता आला नाही. आणि उपाय काय सांगितला, तर बॅटरी पार उतरू द्या आणि उद्यापर्यंत थांबा! वर्षाअखेरीची रात्र, आणि हजारो घरांतील गाणी मौनव्रतात. आमच्या वडिलांची तबकडी अशी कधी रुसली नाही. तिच्यावर ओरखडा पडे, तो आमच्या हातून पडे.

म्हणून पुतण्याला मी म्हटले की यंत्र घे, अवश्य घे. पण दुकानात जाऊन आकडा विचारू नकोस. पाठीचे स्क्रू कोठे आहेत ते विचार. बॅटरी कोठे मिळते ते विचार. माझ्या संगणकावरची फीत कंपनीच्या परवानगीशिवाय त्यात जाते का आणि परत बाहेर येते का, ते तेथेच करून पाहा. डोळे मिटून पुढचे गाणे लावता येते का पाहा. नाव देवनागरीत नीट उमटते का, की चौकोन दिसतात, तेही पाहा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे, दिवाळीत त्याच्या दुकानात दिवसाला शंभर माणसे येतात, आणि त्यांतील दहांनी हे विचारले तरी तो संध्याकाळी घाऊक व्यापाऱ्याला फोन करील.

पुतण्या म्हणाला, “काका, असे यंत्र मिळत नाही.” खरे आहे; हे सगळे एकत्र असलेले मलाही अजून सापडलेले नाही. वसुबारसेला आम्ही दोघे पुन्हा एकदा जाणार आहोत. जाताना आईचे यंत्र बरोबर नेऊ. शेवचिवड्याच्या दुकानाशेजारच्या त्या पोराला विचारावयाचे आहे की त्याने घातलेली बॅटरी आणखी किती वर्षे चालेल, आणि तशीच एक आताच घेऊन ठेवता येईल का.